चार ते सहा, संपर्क नाही

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं, की मी ‘डब्या बनवते’ एवढंच सांगते. जास्त सांगायला गेलं की लोकांचे डोळे मिटायला लागतात. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, आत दोन पेन्सिल सेल आणि एक छोटासा रेडिओ. म्हाताऱ्या माणसाच्या घरात अशा चार डब्या बसवायच्या: एक बाहेरच्या दाराला, एक संडासाच्या दाराला, एक गॅसपाशी, एक नेहमीच्या खुर्चीखाली. दार उघडलं, गॅस चालू राहिला, खुर्चीत कोणी बसलं, हे डबी शेजारच्या डबीला सांगते, ती पुढच्या डबीला, आणि असं करत ते मुलाच्या फोनवर जातं. मुलगा वारज्यात असो नाहीतर कॅनडात, वडील सकाळी उठले हे त्याला कळतं. हडपसरला आमची दहा-बारा जणांची कंपनी आहे, तिथे या डब्यांच्या रेडिओचं काम माझ्याकडे आहे.

प्लगवर का चालवत नाही, असं सगळे विचारतात. कारण आमचं गिऱ्हाईक सत्तरीच्या पुढचं आहे आणि ते भाजी आणायला निघालं तरी मेन स्विच बंद करून निघतं. म्हणून सेल. आणि सेल म्हटला की काटकसर आली. रेडिओ बोलतो तेव्हा फार सेल खात नाही, कारण बोलणं क्षणाचं असतं. तो खातो कोणी बोलेल म्हणून ऐकत बसतो तेव्हा. त्यामुळे डबी जवळजवळ सगळा वेळ झोपलेली असते. मधूनच पापणी लवेपर्यंत जागी होते, शेजारी कोणी आहे का बघते आणि परत झोपते.

अडचण अशी, की दोघी एकाच क्षणी जाग्या असल्याशिवाय भेट होत नाही. आणि दोघींना सारखीच शिस्त लावली तर कधीच होत नाही. एक बाई रोज सातला कचरा टाकायला खाली येते, दुसरी रोज सव्वासातला. दोघी जन्मभर एका इमारतीत राहतील आणि एकमेकींचं तोंड बघणार नाहीत. म्हणून मी एकीला दर पाचव्या ठोक्याला जागं करते आणि दुसरीला दर सातव्या. मग टाळायचं म्हटलं तरी टळत नाही, कधी ना कधी गाठ पडतेच. एकदा पडली, की पुढच्या भेटीची वेळ ठरवून दोघी निवांत झोपतात. ही युक्ती मी शोधलेली नाही, पण आमच्या डब्यांत ती मी बसवली आहे, आणि तिला कोणी नावं ठेवली की मला राग येतो.

मांजरी गावात, आमच्या घरी आजोबांना, म्हणजे हिंदुराव तुप्यांना, मी हे एकदा समजावून सांगितलं. त्यांनी तीन भावांबरोबर एकाच विहिरीच्या पाण्याच्या पाळीवर आयुष्य काढलेलं. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी झोपल्याल्या माणसानं झोपल्याल्या माणसाला हाक मारायची. आन ह्याचा तुला पगार हाय?”

तर गेल्या श्रावणात आम्ही सदाशिव पेठेतल्या एका इमारतीत डब्या लावल्या. तिसऱ्या मजल्यावर गोपाळकृष्ण खांबेटे एकटे राहतात. वय ब्याऐंशी, विमा कंपनीतून निवृत्त, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आमोद वारज्याला. डब्या त्यानेच घेतल्या. सगळ्या डब्यांचं ऐकून फोनवर कळवणारं जे मुख्य यंत्र असतं त्याला मात्र प्लग लागतोच, आणि जिथला प्लग कोणी काढत नाही अशी जागा त्या इमारतीत एकच होती: पहिल्या मजल्यावरचा दातांचा दवाखाना. पण तिसऱ्यावरून पहिल्यावर आवाज पोचेना, जुन्या भिंती फार जाड. मध्ये दुसऱ्या मजल्यावर एक निरोप्या डबी लावावी लागणार होती.

दुसऱ्या मजल्यावर मंदाकिनी रिसबूड राहतात. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, अंगाने काटकुळ्या आणि बोलायला खणखणीत. आमच्या साहेबांनी, रणजितने, त्यांनाही सगळा संच फुकट देऊ केला होता.

“माझं कळवायचं कोणाला?” त्यांनी विचारलं.

रणजितने संचाचं खोकं परत पिशवीत घातलं.

“मधली डबी लावा,” त्या म्हणाल्या. “खांबेट्यांची सोय होत असेल तर माझी हरकत नाही. माझ्यावर नजर नको.”

डबी त्यांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी लागली आणि दुसऱ्याच दिवसापासून भानगड सुरू झाली. रोज दुपारी चारच्या सुमारास खांबेट्यांच्या चारही डब्या गप्प व्हायच्या. तासभर वाट बघून आमची यंत्रणा आमोदच्या फोनवर कळवायची: संपर्क नाही. सहाच्या आसपास संपर्क परत यायचा. वर त्या चार डब्यांचे सेल, जे दोन वर्षं टिकतील असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं, ते महिन्या-दीड महिन्यात मान टाकायचे. का, ते मला कळत होतं. मधली डबी सापडेनाशी झाली की वरच्या चौघी झोप सोडून तिला शोधत बसतात, आणि शोधणं हेच सगळ्यात खर्चाचं. मधली का हरवते, ते मात्र कळत नव्हतं. आमचा माणूस सेल बदलायला दर वेळी सकाळी अकराला जायचा. अकराला सगळं ठणठणीत असायचं. तो सेल बदलायचा, रिसबूडबाईंकडे पाणी प्यायचा आणि परत यायचा.

रणजितचं म्हणणं, तुझी पाच-सातची भानगड फसली, आपण बाजारातली तयार पद्धत विकत घेऊ. मी म्हटलं, पंचवीस इमारतींत चालते, ही एकच इमारत शहाणी कशी? त्याने खांदे उडवले. तो असा खांदे उडवतो तेव्हा मला फार राग येतो.

मी स्वतः शोधायचं ठरवलं. खांबेट्यांच्या समोरच्या इमारतीत स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. दुपारी चारला तिथे पोरांची दुसरी पाळी भरते, शंभरेक फोन एकदम येतात, त्यांच्या गोंगाटात आमच्या डबीचा बारीक आवाज बुडत असणार, असा माझा तर्क. मी लॅपटॉप आणि अँटेना घेऊन दोन दिवस त्या अभ्यासिकेत बसले. शेजारचा मुलगा राज्यघटना पाठ करत होता. माझ्या अँटेनाकडे बघून त्याने खुर्ची लांब सरकवली. गोंगाट होता, पण आमची डबी बुडावी असा नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे मला नंतर कळलं.

मग मी सहा महिन्यांच्या नोंदी काढून बसले आणि एक विचित्र गोष्ट दिसली. तीन दिवस असे होते, की खांबेटे घरीच होते आणि तरी डबी हरवली नव्हती. सोळा ऑगस्ट. दसऱ्याचा दुसरा दिवस. सत्तावीस जानेवारी. सुट्टीच्या दिवशी अभ्यासिका बंद असेल म्हणावं, तर हे सगळे सुट्टीच्या *नंतरचे* दिवस. मी ते तीन दिवस फळ्यावर लिहून ठेवले आणि आठवडाभर त्यांच्याकडे बघत जेवले.

त्याच सुमारास आमोद आमच्या ऑफिसात आला. पन्नाशीचा, सभ्य, चेहऱ्यावर झोप नसलेला माणूस. तो भांडायला आला नव्हता. भांडायला आला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

“रोज पाचला फोनवर ‘संपर्क नाही’ येतं,” तो म्हणाला. “आधी मी घाबरायचो, मग सवय झाली, मग सवय झाली म्हणून घाबरायला लागलो. बाबांना फोन लावला तर उचलत नाहीत. मोबाइलही नाही, घरचाही नाही. गेल्या दोन महिन्यांत तीनदा वारज्याहून गाडी काढून आलो. ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत साडेसहा. बघतो तर हे खुर्चीत बसलेत. म्हणतात, झोपलो होतो, ऐकू आलं नाही.”

“म्हणजे कानाचं काही…” रणजित म्हणाला.

“कानाचंच. ते कबूल करत नाहीत. उद्या पडले, हाक मारली, कोणी ऐकलं नाही, असं झालं तर?” त्याने हातातला फोन टेबलावर ठेवला. “कादंबरीने, माझ्या बायकोने, वारज्याला खोली तयार केली आहे. बाथरूमला दांडे बसवलेत. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आहे, त्यांना घेऊन जाणार. तेव्हा तुमच्या डब्या काढून न्या.”

“त्यांना यायचंय का?” मी विचारलं. हा प्रश्न माझ्या कामातला नव्हता.

“नाही,” आमोद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पेठेत गेले, पण यावेळी अकराला नाही. चारला दहा मिनिटं असताना समोरच्या अमृततुल्यात बसले, चहा घेतला आणि लॅपटॉप उघडून मधल्या डबीकडे लक्ष ठेवलं. चारनंतर थोड्या वेळाने ती गेली. हळूहळू क्षीण होत नव्हे, एकदम, दिवा मालवल्यासारखी. मी चहा टाकून जिना चढले आणि रिसबूडबाईंची बेल वाजवली.

दार बाईंनीच उघडलं. एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात लाल पेन. मागे वेताच्या खुर्चीत, पाय लांब करून, गोपाळकृष्ण खांबेटे बसले होते. टेबलावर दोन कप. खिडकीत, उन्हाच्या पट्ट्यात, विजेरीचे दोन जाडे सेल उभे होते आणि त्यांच्या शेजारी आमचा पेन्सिल सेल. भिंतीवरच्या डबीचं झाकण उघडं होतं.

“तू डब्यांची ना?” रिसबूडबाई म्हणाल्या. “ये. तुमचा माणूस सकाळी येतो.”

“हा सेल कोणी काढला?”

“मी. रोज काढते. ऊन लागलं की जरा जास्त टिकतो.”

“पण का काढता?”

माझं काही तरी चुकलंय अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. “अगं, ही डबी खांबेटे बरे आहेत ना हे बघायला लावली आहे. खांबेटे हे इथे बसलेत, माझ्यासमोर. मग ती कशाला जळत ठेवायची? ते वर गेले की मी परत घालते. आजवर एकदाही विसरले नाही.”

खांबेट्यांनी मान हलवली. “मी त्यांना सांगितलं, पद्धत योग्य आहे. दिवा माणूस नसलेल्या खोलीतला घालवायचा, आणि राखणदार, माणूस असलेल्या खोलीतला.”

मी खाली बसले. शिकलेली माणसं, वाक्यावाक्याला बिनचूक, आणि सहा महिने मिळून एक सेल वाचवत होती. मग मी त्यांना सांगितलं. ही डबी गेली की वरच्या चौघी तिला शोधत बसतात. इथला एक सेल उन्हात आराम करतो तेव्हा वर आठ सेल मरत असतात. आणि दवाखान्यातलं यंत्र समजतं, खांबेट्यांचं काही तरी झालं.

“म्हणजे मी इथे आलो की आमोदला कळतं मी सापडत नाही,” खांबेटे सावकाश म्हणाले.

“हो.”

“आणि तो फोन करतो तेव्हा फोन वर असतो.”

“म्हणून तुम्ही त्याला झोपलो होतो असं सांगता.”

रिसबूडबाईंनी सेल उचलला, डबीत घातला आणि झाकण लावलं. “चूक माझी,” त्या म्हणाल्या. “यापुढे काढणार नाही. झालं?”

झालं नव्हतं. मला ते सांगावं लागलं. “आता संपर्क तुटणार नाही. पण मग आमोदना दिसेल, की रोज चार ते सहा घर रिकामं आहे.”

समोरच्या अभ्यासिकेतून कोणी तरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मी विषय बदलावा म्हणून माझे तीन दिवस काढले. “सोळा ऑगस्टला तुम्ही खाली आला नव्हता का? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी? सत्तावीस जानेवारीला?”

“नाही.”

“का?”

“पेपर नव्हता,” खांबेटे म्हणाले. “आदल्या दिवशी छापखान्याला सुट्टी.”

मला काही कळेना. तेव्हा रिसबूडबाईंनी सांगितलं. दोघांत मिळून एकच पेपर लावलेला आहे, निम्मा यांचा, निम्मा त्यांचा. सकाळी तो तिसऱ्या मजल्यावर पडतो. दुपारी चारला खांबेटे तो खाली आणून देतात. बाई त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. खांबेटे पहिल्या पानावर किती निघतील याचा अंदाज आधी सांगतात. खांबेट्यांच्या पत्नी होत्या तेव्हापासून पेपर असाच वाटून येतो. त्या गेल्यावर फक्त बसणं वाढलं.

“पण पेपर नसला म्हणून काय झालं?” मी म्हटलं. “तसं यायचं.”

खांबेट्यांनी माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघितलं, की जणू मी आजोबांसमोर चप्पल घालून देवघरात गेले असावे. “कामाशिवाय? कसं यायचं?”

रिसबूडबाई मान खाली घालून पेपरात एक लाल रेघ ओढत होत्या. तिथे चूक होती की नाही, मला दिसलं नाही.

निघताना खांबेटे माझ्याबरोबर दारापर्यंत आले. “अहो तुपेबाई, आमोदला आपण काही सांगू नका. रिसबूडबाईंचं नाव आहे इमारतीत. लोक बोलतात.”

“तो तुम्हाला धुळवडीनंतर घेऊन जाणार आहे. तुम्हाला ऐकू येत नाही असं त्याला वाटतं.”

“ठाऊक आहे.”

“मग? जायचंय तुम्हाला?”

“वारजे चांगलं आहे,” ते म्हणाले. “मोकळं आहे. सूनबाई चांगली आहे. पण तिथे मी पाहुणा असतो, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत पाहुणा असणं फार दमवतं. मला इथेच राहायचंय.” आणि मग, “पण आपण सांगू नका.”

मी नाही सांगितलं. माझं काम सेल का मरतात हे शोधायचं होतं, ते मी शोधलं. रणजितला म्हटलं, मधल्या डबीचा सेल कोणी तरी काढत होतं, आता काढणार नाही. तो खूश झाला. पाच-सातबद्दल परत बोलला नाही.

पुढचे दिवस नोंदी इतक्या सुंदर आल्या, की एखाद्या पुस्तकात छापाव्यात. संपर्क एकदाही तुटला नाही. सेल तसूभर उतरले नाहीत. चारला, पाचला, सहाला खुर्चीखालची डबी सांगत होती: बसलेले आहेत. बाहेरचं दार चारच्या सुमाराला एकदा उघडून लगेच मिटायचं. मी न राहवून रिसबूडबाईंना फोन केला. पेपर आता कामवाल्या मालनबाईंच्या हाती खाली येतो, असं त्या म्हणाल्या. स्वतः खांबेटे येत नाहीत. घर रिकामं दिसायला नको म्हणून.

“तुमचं यंत्र आता ठीक चालतंय ना?” त्यांनी विचारलं.

“अगदी ठीक.”

“मग छान,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रणजितने त्या नोंदींचा आलेख मोठा करून मीटिंगमध्ये दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मला वाईट वाटत होतं. आमच्या धंद्यात ते मोजायची सोय नाही, म्हणून सांगून ठेवते.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डब्या काढायला गेले. हे काम ऑफिसातल्या कोणीही केलं असतं, पण मीच गेले. जिन्यात अजून गुलाबी पाण्याचे डाग होते. वर आमोदने एक मोठी बॅग भरून दारात ठेवली होती आणि औषधांच्या पट्ट्या दुसऱ्या पिशवीत घालत होता. खांबेटे इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, एस.टी.ची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

मी संडासाच्या दाराची डबी काढत होते. आमोद बोळात माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, “त्या कानाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे. त्यांना आता सांगू नका, चिडतील.”

“चिडणार नाही,” बाहेरच्या खोलीतून खांबेट्यांचा आवाज आला. “पण डॉक्टरांचे पैसे फुकट जातील.”

आमोद तसाच उभा राहिला. मी स्क्रू काढायचं थांबवलं. तो बाहेरच्या खोलीत गेला आणि दारातूनच म्हणाला, “बाबा, हे तुम्हाला तिथून ऐकू आलं?”

“आलं.”

“मग फोन का ऐकू येत नाही?”

खांबेटे त्या भरलेल्या बॅगेकडे बघत होते. मी बोळात होते. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं. मी काही बोलणार नव्हते. सांगू नका म्हणाले होते, आणि सांगायचं असेल तर ते त्यांचं होतं.

“मी इथे नसायचो,” ते म्हणाले.

“कुठे असायचात?”

“खाली. रिसबूडबाईंकडे.”

“कशाला?”

“पेपर द्यायला.”

“दोन तास?”

“पेपर द्यायला एक मिनिट,” खांबेटे म्हणाले. “बाकीचं बसायला.”

आमोदला हे समजायला वेळ लागला. त्याच्या हातात औषधांची पट्टी होती, ती तो उगाच उलटसुलट करत राहिला. “रोज?”

“पेपर असेल तेव्हा रोज. मला बरं वाटतं तिथे. तुझी आई गेल्यावर मला कुठे बरं वाटलं असेल तर तिथे. आता सांगितलं.”

“मग हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू मला कधी विचारलंस?” खांबेटे म्हणाले. आवाज चढला नव्हता. “तू ह्या डब्यांना विचारत होतास. बाबा उठले का, बाबा जेवले का, बाबा खुर्चीत आहेत का. त्या जे सांगायच्या ते ऐकत होतास. बाबा, तुम्ही दुपारी काय करता, असं तू मला कधी विचारलंस?”

आमोद बॅगेवरच बसला. मला वाटलं तो रागावेल. “मी तीनदा गाडी काढली,” तो म्हणाला. “शेवटच्या वेळी पुलावर गाड्या हलेनात. तुम्ही बाथरूममध्ये पडलात असं मी धरून चाललो होतो. दार फोडायला कोणाला बोलवायचं, हे ठरवत होतो. आणि तुम्ही म्हणालात, झोपलो होतो.”

खांबेट्यांनी मान खाली घातली. “ते चुकलं,” ते म्हणाले. “ते मी करायला नको होतं.”

हडपसरला माझ्या टेबलावर बसून मी या घरातला दरवाजा किती वेळा उघडला हे सांगू शकत होते. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, आणि ते मी चांगलं करत होते. आता मात्र कुठे बघावं हे मला कळेना, म्हणून मी हातातल्या डबीचं झाकण लावलं.

शेवटी आमोदने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “चार वाजले,” तो म्हणाला. “जात नाही का?”

“आज पेपर नाही. काल धुळवड होती.”

“असू दे.” आमोद उठला आणि त्याने हात पुढे केला. “चला.”

“अरे, पण कामाशिवाय…”

“चला, बाबा.”

ते दोघं पुढे आणि मी माझी पिशवी घेऊन मागे, असे आम्ही जिना उतरलो. मधली डबीही काढायची होती, निदान माझ्याकडच्या कागदावर तसं होतं. आमोदने बेल वाजवली. रिसबूडबाईंनी दार उघडलं, आधी आमोदला बघितलं, मग मला, आणि मग खांबेट्यांच्या हातांकडे. हात रिकामे होते. त्यांनी ते कुठे ठेवावेत हे न कळून पाठीमागे घेतले.

“आज पेपर नाही,” खांबेटे म्हणाले.

“ते मला माहीत आहे. कॅलेंडर माझ्याकडेही आहे.” बाईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. “मग कशाला आलात?”

खांबेट्यांनी मुलाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

“बसायला,” ते म्हणाले.

रिसबूडबाई बाजूला झाल्या. “या,” म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा चार कप होते, चारही वेगळे. खांबेटे वेताच्या खुर्चीत बसले होते. आमोद दिवाणावर टेकला होता. बाईंनी चहा ठेवला आणि सवयीने त्यांचा हात भिंतीवरच्या डबीकडे गेला. झाकणाला बोट लागलं आणि त्या थांबल्या. माझ्याकडे वळून, वर्गात पकडल्या गेलेल्या मुलीसारख्या म्हणाल्या, “विसरले. काढायचा नाही.”

“काढा, काकू,” आमोद म्हणाला. “बाबा इथेच आहेत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर दोन डब्या अजून भिंतीला होत्या, एक खुर्चीखाली होती. त्या लगेच झोप सोडून हिला शोधायला लागणार होत्या, सहा सेल जळत राहणार होते, आणि उद्याच्या आलेखात परत एक खड्डा पडणार होता. मी चहाचा कप उचलला आणि गप्प बसले. बाईंनी सेल काढून खिडकीत उन्हाला ठेवला.

वाचायला काही नव्हतं, म्हणून कालपरवाच्या पेपरातल्या चुका निघाल्या. मध्येच कादंबरीचा फोन आला. आमोद म्हणाला, “नाही, आम्ही येत नाही. म्हणजे मी येतो, बाबा इथेच राहतायत. बरे आहेत ना. खाली आहेत. खाली म्हणजे, आलो की सांगतो.” खांबेटे हे सगळं ऐकत होते, कारण त्यांना ऐकू येत होतं.

पाचच्या सुमारास त्याचा फोन पुन्हा थरथरला. मी समोरच बसले होते, मला अक्षरं दिसली. माझीच होती ती: संपर्क नाही. आमोदने ती वाचली, फोन दिवाणावर पालथा ठेवला आणि रिसबूडबाईंकडे अजून थोडा चहा मागितला.